कंसातलं आईला वाचू नकोस

कोपरखैरणे, नवी मुंबई
सोमवार, २४ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप आईच्या पायांवर शालनचं डोकं. तुझ्या गुडघ्यांना आता कसं आहे? तिकडे थंडी पडली असेल, तर पहाटेची गोठ्यात जाऊ नकोस, धारा विजयमाला काढेल. तिला तेवढ्यासाठीच तर आपण घरात आणली. (विजयमाला, रागावू नकोस, हे आईला हसवायला लिहिलं.) आम्ही इथे सगळे खुशाल आहोत.

(सगळे खुशाल नाहीत. पत्र आधी मनात वाच, मग मोठ्यानं. आईला ऐकवायचं ते मी उघडं लिहिते आणि फक्त तुझ्यासाठी आहे ते असं कंसात. कंस आला की थांबू नकोस, डोळे पुसू नकोस, कंस संपतो तिथे सरळ उडी मार. दिवाळीच्या पत्रात माझ्या डाव्या छातीतली गाठ आणि ऑपरेशन तुला असंच कळवलं होतं, आणि आईला ऐकवलं होतं की खानावळीच्या कामामुळे भाऊबीजेला येणं होत नाही. ते तू छान निभावलंस. मी स्वतः ह्या कामात मुरलेली आहे. बापू मुंबईला गोदीत हमाल होते, तेव्हा त्यांची पत्रं आईला मीच वाचून दाखवायचे. नववीत होते. शेवटच्या वर्षी त्यांच्या पत्रात खोकला असायचा, थुंकीतलं रक्त असायचं. तेवढं मी गाळायचे आणि तिथे मुंबईला पाऊस बरा आहे, असं काहीतरी पदरचं घालायचे. आईला ते आजतागायत कळलेलं नाही.)

तर आई, पत्रास कारण की माझी एक दाढ दुखते. त्यासाठी येत्या गुरुवारी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं आहे. एका दाढेसाठी मुंबई कशाला, असं तू म्हणशील. दाढ मोठी आहे.

(दाढ अगदीच खोटी नाही. गुरुवारी माझी पहिली केमो. म्हणजे सलाइनच्या बाटलीतून औषध शिरेत सोडतात, तीन आठवड्यांनी पुन्हा, असं सहा वेळा. गाठ काढली, पण तिचं बी अंगात कुठे उडून पडलं असेल तर ते मारायला हे. औषध सुरू करण्याआधी तोंडात किडकं काही नको, दात तपासून या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वाशीच्या दातवाल्या डॉक्टरनं एक दाढ काढली आणि कागदात बांधून माझ्या हातात दिली. दोन महिन्यांत अंगातून दोन गोष्टी गेल्या, त्यातली ही एक तरी परत मिळाली.)

दाढेचं औषध फार उष्ण असतं म्हणून मी केस मानेपर्यंत कापले आहेत. तू ओरडशील म्हणून आधीच सांगून ठेवते. आता विंचरायला वेळ लागत नाही आणि आमटीत केस निघाला तर तो माझा नाही, हे गिऱ्हाइकाला तोंडावर सांगता येतं.

(केस सगळेच जाणार आहेत. नर्सबाई म्हणाल्या, लांब केसांचं बोचकं एकदम हातात आलं की बाया हबकतात, आधीच आखूड करून घ्या. तेजश्रीनं कापले. पोरगी दहावीला आहे, भूमितीची पट्टी लावून कापले, तरी डावी बाजू दोन बोटं वर गेलीच. माझी डावी बाजू सध्या कशातच उजवीच्या बरोबरीला येत नाही. वेणी फेकून दे म्हणाले तिला. काल पाहिलं, तर तिनं ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात रुमालात गुंडाळून ठेवली आहे. मी पाहिलं हे तिला माहीत नाही. आमच्या घरात सध्या कोणाला काय माहीत नाही हे लक्षात ठेवायलाच एक माणूस लागेल.)

खानावळ ठीक चालू आहे. वाशीच्या बाजारातले अकरा हमाल दोन्ही वेळा जेवायला असतात, सगळे आपल्याच साताऱ्याकडचे, त्यामुळे भाकरीचा तवा एकदा चढला की उतरत नाही. ह्या आठवड्यात मात्र सगळे माझ्यावर रुसले आहेत. त्याचं असं झालं, की बाजारात बीट फार आलं. आमच्या ह्यांनी अर्धं पोतं घरी आणलं. मग मी बिटाची भाजी केली, बिटाची कोशिंबीर केली, उरलं ते आमटीत घातलं, तरी पोतं काही खाली बसेना. चौथ्या दिवशी मी ते किसून भाकरीच्या पिठात मळलं. त्या भाकरी बघून सगळ्यांनी एकदम पाणी मागितलं. पाचव्या दिवशी जोतीराम म्हणून आमचा गडी आहे, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा, तो पहाटे बाहेर जाऊन आला तो पांढरा पडून. काय झालं ते कोणाला सांगेना. तसाच रिक्षानं डॉक्टरकडे गेला आणि आपल्याला लघवीतून रक्त जातंय म्हणून तिथे बाकावर आडवा झाला. डॉक्टरनं काल काय जेवलास एवढंच विचारलं. तेव्हापासून तो जेवायला बसला की आधी ताटाचा रंग बघतो.

(बीट माझ्यासाठी होतं. रक्त कमी भरलं, नऊच्या खाली, आणि रक्त वाढल्याशिवाय औषध देत नाहीत. तुमचे हौसेरावदाजी बाजारात कोणाशी तरी बोलले आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या टोळीनं मिळून ते पोतं दारात आणून टाकलं. त्यातल्या दोघांनी पोतं टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून जेवायला यायचं बंद केलं. हा रोग हातच्या अन्नातून लागतो असं त्यांच्या मनानं घेतलंय. बीट दिलं ते खरं आणि पळाले तेही खरं, दोन्हींचा राग येत नाही. जोतीराम बाकावर आडवा झाला तेव्हा डॉक्टरनं त्याला समजावलं, तर तो म्हणाला, मला वाटलं बाईंचा आजार मला लागला. तरी दुपारी तो माझ्याच हातचं जेवला. अकराचे नऊ झाले ते असे. आईला अकराच सांग.)

(हा कंस लांब होणार, तेव्हा आईला सांग की पत्रावर पाणी सांडलंय, जरा दिव्याजवळ धरून बघते. पोलक्यात एका बाजूला रिकामं दिसतं म्हणून मी तिथे तेजश्रीच्या शाळेच्या पांढऱ्या मोज्यांचा गोळा घालते. परवा पंगतीला वाढताना वाकले आणि तो गोळा सुटून जोतीरामच्या ताटाशेजारी पडला. जोतीरामनं तो उचलला, धूळ झटकली आणि अगदी अदबीनं म्हणाला, ‘बाई, तुमचं मोजं पडलं.’ मी ते घेतलं आणि आत जाऊन चुलीपुढे बसले. हसू आवरेना. मग ते हसू राहिलं नाही.

वजनाचंही ऐकून ठेव. औषधाचं माप वजनावर ठरतं, म्हणून वजन करून या म्हणाले. दवाखान्यात काटा आहे, पण तुझे दाजी पडले मापाडी, त्यांचा भरवसा फक्त बाजारातल्या काट्यावर. रविवारी बाजार बंद असताना मला तिथे नेलं, कांद्याच्या काट्यावर उभी केली आणि सवयीनं आकडा मोठ्यानं पुकारला, सत्तेचाळीस, बारदान वजा. मी म्हटलं, बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, ते माझं कुठलं वजा केलंत? तर म्हणाले, लुगड्याचं. मग तिथेच फळीवर बसून राहिले. आयुष्यभर दुसऱ्याचा माल तोलला, पण माझं जे काढून नेलं त्याचं वजन कोणी केलं होतं का, असं मला विचारलं. मला कुठे माहीत! मी तेव्हा झोपेत होते.

ते बोलत नाहीत, नुसती तयारी करतात. उलट्या होतील असं ऐकलं म्हणून दोन नव्या बादल्या आणल्या, एक घरात, एक दवाखान्याच्या वाटेवर टेम्पोत न्यायला. भाकरी शिकताहेत. त्यांची भाकरी तव्यावर पडली की आवाजानं शेजारी दार उघडून बघतात.

विजयमाला, मला भीती वाटते. औषधाची वाटते, उलट्यांची वाटते, औषधानं काही झालंच नाही तर काय, ह्याची सगळ्यात जास्त वाटते. दिवसा भाकरी थापताना वाटत नाही. ताटं घासून झाली की वाटते.)

आई, तू मात्र अजिबात येऊ नकोस. इथे जागा नाही, पाणी एकच वेळ येतं, आणि दाढेसाठी कोणी आईला बोलावतं का? थंडी सरली की मीच चार दिवस येईन.

(तिला खरंच येऊ देऊ नकोस. ती समोर आली तर मला धीर धरवणार नाही. तिनं बापूंचं सगळं एकटीनं सोसलं, आता माझं तिच्या डोळ्यांपुढे नको. तिला कळायचंच असेल तर सगळं नीट पार पडल्यावर कळू दे.)

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझी लेक,
शालन

ता. क. (बुधवार, दुपार) : विजयमाला, हे पत्र आता आईला वाचून दाखवायचं नाही. पेटीत टाकायला ह्यांच्याकडे दिलं होतं, ते दोन दिवस सदऱ्याच्या खिशात बसून पोती तोलून घामेजून परत आलं. बरंच झालं, कारण ज्यांच्यासाठी लिहिलं त्या आज सकाळी लोणंदच्या कांद्याच्या ट्रकमधून बाजाराच्या फाटकाशी उतरल्या. काखेत बाजरीच्या पिठाचं गाठोडं. ट्रकवाल्या सुधीरला वाटेत म्हणे तीनदा सांगितलं, कांद्यापेक्षा मला आधी उतरव. तू शेजारच्या आळीत शोधत असशील, तर शोधणं थांबव.

आईला एक महिन्यापासून माहीत आहे. दिवाळीचं पत्र तू वाचून दाखवलंस, तू अडखळली नाहीस, पण तुझा आवाज फार गोड झाला होता. सून इतकी गोड बोलते म्हणजे काहीतरी मोठं झालंय, असं म्हणून आई दुसऱ्या दिवशी ते पत्र घेऊन कमळाकर गुरुजींकडे गेली आणि आतलं-बाहेरचं सगळं वाचून घेतलं. तुला बोलली नाही, कारण तू एवढे कष्ट घेतलेस तर तुझा हिरमोड नको. आणि आता कशी निघाली म्हणशील, तर त्याला आमचे हे कारण. सुधीरबरोबर त्यांनीच गुरुवारचा निरोप धाडला होता. माणूस बोलत नाही असं मी वर लिहिलंय, ते खोड.

दुसरा ता. क. : आईनं हे पत्र फळीवर पाहिलं आणि म्हणाली, वाच. मी वाचलं. दाढ वाचली, केस वाचले, बीट वाचलं. ती मेथी निवडत ऐकत होती. येऊ नकोस, हेही ऐकून घेतलं. पत्र संपल्यावर म्हणाली, ‘आता ऱ्हायल्यालं वाच.’ मी म्हटलं, राहिलेलं काही नाही.

तेव्हा ती म्हणाली, ‘तुझ्या बाच्या पत्रातबी तू अशीच थुका गिळून फुडं जायाचीस. भर चैतात मुंबईला पाऊस बरा हाय म्हनून वाचलं व्हतंस. खोकल्याचं मला तवाच ठावं झालं. तवा तू ल्हान, म्हनून मी इचारलं न्हाई. आता मी म्हातारी, म्हनून तू सांगत न्हाईस. मग आपन दोघींनी बोलायचं तरी कवा?’

मग सगळं वाचलं, पहिल्यापासून. मोज्यावर ती इतकी हसली की मेथी सांडली. वजनावर उठून घागर भरायला गेली, घागर भरलेली होती. भीतीचं वाचताना माझंच वाचणं थांबलं. तिनं रडू नको असं म्हटलं नाही. माझे मानेवरचे आखूड केस हातानं चाचपत बसली, आणि डावी बाजू वर का गेलीय म्हणून तेजश्रीला हाक मारून खडसावली. उद्या ती माझ्याबरोबर येणार आहे, बादली तीच धरणार असं तिनं जावयाला सांगून टाकलंय, आणि जावई बादली सोडायला तयार नाही.

तिसरा ता. क. : खरं काम हे. आई नेसत्या लुगड्यानिशी आली आहे आणि सहाही वेळा होईपर्यंत हलणार नाही म्हणते. तेव्हा तिची दोन लुगडी, मिश्रीची डबी, डोळ्यांत घालायचं औषध आणि गुडघ्यांचं तेल सुधीरच्या ट्रकनं लगेच पाठव. गुडघे काय म्हणतात, हे ती मला खरं सांगत नाही, तू सांग. उत्तरात तुझं, माझ्या धाकट्या भावाचं, म्हशीचं, जे असेल ते सगळं लिही, चांगलं-वाईट दोन्ही. फक्त गाळण्यासारखं काही वेगळं काढून लिहू नकोस. इथे आईला वाचून दाखवणारी मीच आहे, आणि मला ते कधीच जमत नव्हतं हे आता उघड झालंय.