देव झाकायच्या आधी गोळीची बाटली काढावी

मी, सकुबाई धर्मा वेखंडे, वय वर्षे सहासष्ट, धंदा शिलाई व भातशेती, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र आज माझ्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, तसा शहापूरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दम दिलेला नाही की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. पोटातली गाठ काढायला मला कल्याणला न्यायचे ठरले आहे. घाबरण्यासारखे काही नाही असे डॉक्टर म्हणतात, पण माझी भीती काही जात नाही, आणि ती माझ्या जिवाची नाही. वकिलांनी नमुना दिला होता. त्यातले ‘स्थावर-जंगम’ तेवढे घेतले, बाकी मजकूर माझा आहे.

१. माझ्या स्थावर-जंगमाला वारस दोन. मुलगा संदेश, आसनगावहून गाडी धरून कल्याणला कामाला जातो. मुलगी कुणाली, लग्न केलेले नाही, माझ्याबरोबर ब्लाऊज शिवते. कुणालीचे थायरॉईड कमी काम करते. त्यासाठी तिला रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यावी लागते, आणि ती जन्मभराची आहे. ती सज्ञान आहे, हुशार आहे, तिच्यावर मी कोणी पालक नेमत नाही. हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “आये, मी काय बारकी हाय का गो? माजी गोळी मी घेन.” तिचे बरोबर आहे. तरी पुढचे एकही कलम मी खोडलेले नाही.

२. राहते घर संदेशच्या नावे. मात्र मागची खोली, पडवी आणि पडवीचे दार कुणालीचे, ती जिवंत असेपर्यंत. तिने तिथे भाड्याने राहायचे नाही आणि उपकाराने तर मुळीच नाही. खोली उन्हाच्या बाजूची आहे म्हणून मुद्दाम दिली, कारण तिला थंडी फार वाजते. पाहुणे आले म्हणून तिला तिथून हलवू नये.

३. ओढ्याकाठचे शेत दोघांना निम्मे-निम्मे. कुणालीच्या हिश्श्याचे भात विकून येईल ते तिच्या हातात द्यावे, गोळ्या आणून देऊन हिशेब मिटवू नये. रक्त तपासायला शहापूरला जायचे असेल तेव्हा संदेशने रजा काढावी. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य त्याच्या वडिलांचे होते. घर आणि निम्मे शेत त्याला मिळत आहे, हे वाक्य मिळत नाही.

४. शिलाई मशीन, मोठी कात्री आणि गिऱ्हाइकांची मापे कुणालीला. बारीक कात्रीही तिलाच, ती कमळाबाईने मागितली तरी देऊ नये. कमळाबाई म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचे कलम पुढे येते.

५. हे कलम मालमत्तेचे नाही, पण माझा सगळा जीव यात अडकला आहे. कुणाली सकाळी उठली की आधी देवाला दिवा लावते. गोळी विसरू नये म्हणून तिने बाटली देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. दिवा लावला की गोळी, अशी सवय छान बसली होती. मग गेल्या वर्षी चैत्रात तिचे वडील गेले. आमच्यात सुतक पडले की देव झाकतात. कमळाबाईने पडदा ओढला आणि फडके बांधून टाकले. दिवा नाही, म्हणून गोळी नाही. कोणाच्या ध्यानातच आले नाही, कुणालीच्याही नाही. रडण्यात कसले भान राहते?

सुतक फिटले, देव उघडले, बाटली दिसली. तेव्हा कमळाबाई म्हणाली, “इतकं दिस घेतली नाय तर काय झाला? चांगली तर हाय पोर.” कुणालीलाही बरे वाटत होते. तिने गोळी सोडली. मीही तेव्हा माझ्याच दुःखात बुडालेली होते. पुढे ती दुपारपर्यंत झोपू लागली. आवाज जाड झाला, केस कंगव्यात येऊ लागले. बापाचे दुःख आहे, असे सारी आळी म्हणे, आणि मलाही ते पटे. मग भर वैशाखात, कौले तापलेली असताना, ती शाल घेऊन मशीनवर बसलेली मला दिसली. मी तिचे माप घेतले. मापाचा ब्लाऊज दंडावर चढेना, चेहरा सुजलेला. दुःखाने माणूस वाळते, हे मी पाहिलेले आहे. मी तशीच तिला रिक्षात घातली, सुनेला सोबत घेतले आणि शहापूर गाठले. रक्ताचा कागद बघून डॉक्टर माझ्यावर ओरडले. सावरायला पावसाळा गेला.

म्हणून सर्वांना लिहून सांगते. तिला बरे वाटते ते गोळीमुळे वाटते. बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नये, आणि डॉक्टरांना न विचारता कमी-जास्त करू नये. आळशी, झोपाळू हे शब्द या घरात बंद.

६. गळ्यातली बोरमाळ सून नेहा हिला. आता कारण लिहिते, कारण तोंडावर मला हे कधी बोलता येणार नाही. कुणालीला शहापूरहून आणल्यापासून नेहा सगळ्यांना चहा द्यायची आणि कुणालीला सगळ्यात शेवटी. नणंदेला कमी लेखते म्हणून मी मनात राग धरला, दोनदा भांडी आपटली. शेवटी विचारले. ती म्हणाली, “आई, गोळीवर लगेच दुधाचा चहा चालत नाय. म्हणून तिचा कप मीच मागं ठेवते.” डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा मी तिथेच बसले होते, पण माझ्या डोक्यात राहिले नाही. नेहाच्या राहिले. तो राग मी मागे घेते. हे काम तिच्यावर लादत नाही, पण तिच्याखेरीज दुसरे कोणी मला दिसतही नाही.

७. तांब्याचा हंडा कमळाबाईला. लग्नापासून तिची नजर त्याच्यावर आहे. तो घ्यावा आणि माझ्या सुतकात आपल्या घरून कारभार बघावा. तिच्यावर माझी दुश्मनी नाही. तिला रीत सगळी ठाऊक आहे, म्हणूनच मला तिची धास्ती वाटते.

८. आता शेवटचे. कल्याणहून मी चालत आले तर हा कागद पेटीत राहील. नाही आले तर घरात पुन्हा देव झाकतील, आणि बाटली अजून देव्हाऱ्यातच आहे. मी दुसरीकडे ठेवून पाहिली, कुणालीने परत तिथेच आणली. तिथे असली की विसरत नाही म्हणते. म्हणून पडदा ओढण्याआधी नेहाने बाटली काढून पाण्याच्या माठाशेजारी ठेवावी. सुतकाच्या प्रत्येक सकाळी कुणालीने दिव्याशिवाय गोळी घ्यावी. देव रागावणार नाहीत, रागावले तर माझी गाठ त्यांच्याशी आधी पडणार आहे.

पहिल्या दिवशीचे वेगळे लिहिते. मला सकाळी घरातून न्यायचे असेल तर मढे बाहेर जाईपर्यंत कोणी पाण्याचा घोट घेत नाही. कमळाबाई हे सांगेलच. तरी कुणालीला पाणी द्यावे आणि तिने सगळ्यांदेखत गोळी घ्यावी. मढे माझे आहे आणि माझी परवानगी आहे. शेजारच्या अनिताने चहाची किटली आणली तर नेहाने कुणालीचा कप नेहमीसारखा मागे ठेवावा. कुणाली गोळी घेत नाही तोवर संदेशने मला उचलू नये. ती रडत असेल, नको म्हणेल, वेळ लागेल. लागू द्यावा. मी थांबेन.

या कागदाप्रमाणे सर्व घडते की नाही, ते माझा मुरबाडचा भाऊ जगन याने पाहावे.

सही: सकुबाई धर्मा वेखंडे

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार १. अनिता दिपेश विशे, शेजारी, राहणार किन्हवली
साक्षीदार २. हर्षित पष्टे, औषध दुकानदार, राहणार किन्हवली

ठिकाण: किन्हवली
दिनांक: १४ मे २०२५, सकाळी. कुणालीची गोळी घेऊन झाली आहे, चहा व्हायचा आहे.