स्क्रीनच्या कडा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. 'अमरसिंह मोटर ड्रायव्हिंग स्कूल' डिजिटल होणार! पोरगा ऋतुराज नोकरीसाठी पुण्याला जाताना जुना लॅपटॉप ठेवून गेलाय. त्यात ट्रक चालवायचा गेम टाकून घेतला. शिकाऊ माणूस आधी स्क्रीनवर चालवणार, मग रस्त्यावर. अख्ख्या राजारामपुरीत असं कुणी केलेलं नाही.
बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आधी गाडीचा डावा आरसा बसवून घ्या, परत फुटलाय.
वर्षाराणीला व्हिजन नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
गेम फुलस्क्रीन केला की मावत नाही. उजवा आरसा आणि कोपऱ्यातला नकाशा स्क्रीनच्या बाहेर. ऋतुराजला फोन. म्हणाला, पप्पा, डिस्प्ले स्केलिंग दीडशेवर आहे, शंभरवर आणा. आणलं. गेम मावला, पण बाकी सगळी अक्षरं खसखशीएवढी झाली. परत दीडशे. गेम परत बाहेर.
उद्या पहाटे उठून या विषयाचा मुळापासून अभ्यास करायचा.

६ फेब्रुवारी, गुरुवार
उठलो नाही. थंडी होती.

८ फेब्रुवारी, शनिवार
मुनव्वरकडे गेलो. लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. गाडी माझ्याकडंच शिकला, म्हणून अजून उस्ताद म्हणतो. त्यानं गेमच्या चिन्हावर राईट क्लिक केलं, प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, त्यात डीपीआयची एक खूण केली आणि स्केलिंग गेमवर सोपवलं. बसला गेम!
घरी येऊन बघतो तर कडा परत गायब. गंमत अशी की नकाशाकडे बघितलं की नकाशा असतो. रस्त्याकडे बघितलं की नकाशा जातो. म्हणजे फॉल्ट येतो-जातो. हा सगळ्यात वाईट प्रकार.
येताना स्कूटर एका हातगाड्याला घासली. लोक वाट्टेल तिथं गाडे लावतात.

१० फेब्रुवारी, सोमवार
परत मुनव्वर. त्यानं मला सरळ ट्रककडं बघायला लावलं आणि विचारलं, काय दिसतंय. म्हटलं, ट्रक. आणि माझं बोट? म्हटलं, कसलं बोट? तर स्क्रीनच्या कोपऱ्यावर त्यानं बोट ठेवलेलं होतं म्हणे.
तो म्हणाला, "उस्ताद, स्क्रीन ठीक हाय. डोळं दाखवा की एकदा."
काम जमलं नाही की गिऱ्हाइकात खोट काढायची. समोरच्या दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर तिथूनच खाडखाड वाचून दाखवला आणि लॅपटॉप उचलून बाहेर पडलो. पायरी मात्र चुकलो. त्याची पायरीच वाकडी आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
शिकवणीला स्वप्नाली. मुरगूडच्या शाळेत नोकरी लागलीय, रोज जाऊन-येऊन करणार, म्हणून गाडी शिकतेय. हात चांगला आहे. घाबरत नाही.
कळंब्याच्या रस्त्याला तिनं एकदम ब्रेक मारला. डावीकडून सायकलवाला आडवा आलेला. म्हणाली, "सर, तुमच्याच बाजूनं आला. दिसला न्हाय व्हय?"
म्हटलं, दिसला की. तू काय करतेस ते बघत होतो.
तिला पटलं. पटलं असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जेवताना वर्षानं आमटीची वाटी पुढं केली आणि माझ्या हाताला लागून सांडली. ती म्हणाली, समोर तर धरलेली. म्हटलं, बाजूला धरलेलीस. तर म्हणाली, बाजूला तर बाजूला. बाजूचं काहीच कसं दिसत नाही तुम्हाला?
डोक्यात लॅपटॉप होता, दुसरं काही नाही. सोमवारी नवीन मॉनिटर बघून येणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मॉनिटर राहिला.
सकाळी पाचगाव रोड. स्वप्नाली चालवत होती. डाव्या गल्लीतून दूधवाला मोटरसायकलवरून आला. कॅन वाजल्यावर मला कळलं. तिनं ब्रेक मारला, पण उशीर झाला. दूध सगळीकडं. त्याचा पाय गाडीखाली.
शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाखाली पण ब्रेक असतो. असल्या वेळेसाठीच असतो.
वेळच मिळाला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
पोलिसांत जबाब. पोरगी गोंधळली, असं सांगितलं. खोटं काहीच नाही, गोंधळलीच होती. नंतर. स्वप्नाली बाकावर बसून ऐकत होती.
तरीही जबाबदारी शिकवणाऱ्याची, असं साहेब म्हणाले. आणि माझ्या डोळ्यांचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं. आनंदानं आणतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दूधवाल्याला दवाखान्यात बघून आलो. आकाराम नाव. मांडीचं हाड मोडलंय. उशाशी बायको बसलेली, अंबूबाई. म्हशींचं कोण बघतंय, एवढंच ती घोकत होती.
गल्लीतून येताना हॉर्न द्यावा, असं आकारामला समजावून सांगायचा विचार होता. तोच आधी म्हणाला, "हॉर्न दिला, हात बी केला. तुम्ही खिडकीतच बसलाता की पावणं. वाटलं, बघितलंसा."
मोसंबी ठेवून आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार
डोळ्यांचा दवाखाना. तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला. वर्षाकडं वळून बघितलं. ती हसली नाही.
मग डॉक्टर बाईंनी डोळ्यांचं प्रेशर मोजलं, परत मोजलं आणि एका मशीनमध्ये तोंड घालून बसवलं. समोरच्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आजूबाजूला लाईट चमकला की बटण दाबायचं. म्हणजे गेमच. सुरुवातीला भराभर दाबलं. नंतर बराच वेळ लाईटच आला नाही. सिस्टरला सांगितलं, मशीनचं स्केलिंग बिघडलंय, कडेचं दाखवत नाही.
सिस्टर म्हणाली, "तुम्ही बघत राहा काका."
वर्षा तोंड फिरवून उभी होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. मोतीबिंदूसारखा काढता येत नाही. रिपोर्टवर दोन गोल आहेत, मधे थोडं पांढरं, बाकी काळं. मधलं शाबूत होतं म्हणून पाट्या वाचता येत होत्या, असं बाई म्हणाल्या. कडेचं कधीपासून जातंय ते मला कळलंच नसणार.
विचारलं, काही करून परत येईल का. म्हणाल्या, गेलेलं येत नाही. आहे ते टिकवायचं. रोज थेंब. आणि गाडी बंद, आजपासून.
सर्टिफिकेटचं विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
पोलिसांत जाऊन जबाब बदलून दिला. वर्षानं स्कूटरवरून नेलं. येताना तिला स्वप्नालीच्या घराकडं स्कूटर घ्यायला सांगितलं.
दार तिच्या आईनं उघडलं. स्वप्नाली बाहेर आली, उंबऱ्यातच थांबली. मी डोळ्यांचं सांगितलं. चूक तुझी नव्हती, तसं लिहून दिलंय, असं सांगितलं.
म्हणाली, बरं.
म्हटलं, दुसऱ्या कुणाकडं तरी शीक. हात चांगला आहे तुझा. मुरगूडला बसनं किती दिवस जाशील?
ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "नको सर. आता रस्त्यात कुणी नसलं तरी मला कुणीतरी दिसतंय."
आई मागंच उभी होती. चहा कुणी विचारला नाही.