पेटीवर मावेल तोच टॅब

गुरुवार, संध्याकाळ. दहिसर.

आज मोबाईलच्या दुकानात सरळ जमिनीवर मांडी घालून बसलो. प्रवीणला लाज वाटली. वाटू दे. पोरगा माझा, पण भजनाला कधी येऊन बसलाय?

सकाळपासून त्याचं एकच, "बाबा, हलका लॅपटॉप घेऊ, घरात सगळ्यांना होईल." सगळ्यांना कशाला? माझ्या भजनाच्या वहीतली अक्षरं मला दिसत नाहीत, म्हणून घ्यायचाय ना? मागच्या शनिवारी गजर मधेच अडला, तर मंडळातला सुनील म्हणतो, "बुवा, आता पेटीवर मी बसतो." चाळीस वर्षं ती पेटी माझ्या पुढ्यात आहे, मेल्या!

सेल्समन म्हणाला, "काका, चेअरवर बसा ना." म्हटलं, भजनात पेटी काय खुर्चीवर बसून वाजवतात? पेटीएवढा रिकामा खोका मागून घेतला. त्यावर लॅपटॉप उघडला, तर भाता मारायला हात कुठून घालू? छोटा टॅब म्हणजे परत तीच वही, डोळे बारीक करून वाचायची. मग मोठा टॅब ठेवला. प्रवीणने वहीच्या पानाचा फोटो त्यात टाकला. शेवटची ओळपण दिसली! पान उलटायला एक बोट पुरे. तिथेच जमिनीवर बसून अख्खा गजर म्हटला.

"बाबा, हळू ना, लोक बघतायत."

बघू देत. हळू म्हणायला मी शिकलोच नाही.

मोठाच घेतला. शनिवारी पेटीवर मीच बसणार. सुनीलने मागे बसून टाळ वाजवावेत.