वाकडी मारणारी रायफल

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज ठरवायचंच म्हणून बसलो आणि न ठरवता उठलो. परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज महिनाअखेरपर्यंत द्यायचा आहे. पीक संरक्षणाचा परवाना, त्यावर एकच हत्यार. अर्जात कोणतं लिहू? बाबांची तीनशे पंधरा रायफल, की पिंपळगाव राजाच्या भगवंतरावांची थर्टी-ओ-सिक्स? दोन्ही बोल्टच्या, खिट्टी ओढून गोळी भरायच्या, दोन्ही जुन्या. भगवंतराव मुलाकडे नाशिकला राहायला चाललेत, त्यांना त्यांची काढून टाकायची आहे.

बाबांची ठेवायची नाही, एवढं नक्की. ती वाकडी मारते.

असं लिहायलाही जिवावर येतं. चाळीस वर्षं आमच्या धामणगाव बढ्यात बाबांच्या नावानं 'वामनरावची बंदूक' म्हणून तिचा दबदबा होता. पण ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी मक्याच्या कडेला रानडुक्कर उभं होतं, तोंड डावीकडे, चाळीस पावलांवर. वनखात्याची परवानगी माझ्या खिशात. मी खांद्यावर नेम धरला आणि चाप ओढला. गोळी लागली मागच्या पायाला! डुक्कर पळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा पुंजाजी बांधावरून कपाशीत चालला होता, तर तेच जखमी डुक्कर त्याच्या अंगावर आलं. मांडी फाडली. बावीस टाके. अजून काठी घेऊन चालतो.

गावाला मी सांगितलं, बंदुकीत खोट आहे. खोटच आहे. चाळीस पावलांवर मी चुकत नाही.

१३ नोव्हेंबर

सापडलं!

रायफल पुसायला घेतली, तर नळीच्या टोकावर जी माशी असते, जिच्यावरून नेम धरतात, तिच्यावर हळदकुंकवाचा हा एवढा थर. दसऱ्याची पूजा. बोल्टच्या खाचेत अक्षतांचा एक दाणासुद्धा निघाला. सुचिताला हाक मारली आणि नको तेवढं बोललो. हत्यार आहे की देव्हारा? ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "कुकू काय मी यंदाच लावलं? मामंजीच्या वक्ताले बी लावतच होती. तवा काऊन नाही गेली वाकडी?"

घासून साफ केली, रॉकेलचा बोळा फिरवला. विहिरीच्या मातीच्या ढिगावर चुना लावलेलं मडकं ठेवलं आणि एक गोळी मारली. मडकं तसंच. गोळी वीतभर उजवीकडे मातीत.

म्हणजे कुंकू नव्हे. नळीतच बाक आहे.

१५ नोव्हेंबर

डोकं फिरलं आज. गडी गोविंदानं कुंपणाचे खांब गाडलेत वाकडे. ओळीच्या टोकाला उभं राहून डावा डोळा मिटून पाहिलं, तर मधले तीन-चार खांब सरळ बाहेर निघालेले. त्याला म्हटलं, उपट आणि परत गाड.

"भाऊ, दोरी धरून गाडले हायेत."

"दोरी ढिली असंल तुही."

मग उपटायला लागला. वीस वर्षं आमच्याकडे आहे, पण अलीकडे कामात लक्ष नाही. कोणाचंच नाही. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर अजून वाकडेच. या खेपेला उपटायला लावलं नाही.

१७ नोव्हेंबर

बाबांशी वाजलं. वाजलं म्हणजे मीच बोललो.

ओट्यावर बसून नळीत डोकावत होतो. बाबा म्हणाले, "आन इकडं." हात थरथरतात, तरी बोल्ट काढला झटक्यात. नळी आभाळाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "सरळ हाये, गजा. काई नाही झालं तिले."

मी म्हणालो, "एक्क्याऐंशी वर्षांचे डोळे तुमचे. त्याईनं नळी तपासता काय?"

बोलून गेलो. त्यांनी बोल्ट परत बसवला, रायफल माझ्या मांडीवर ठेवली. "डोळे गेले माहे, हाव." बस, एवढंच. रात्री अर्धी भाकर तशीच ठेवून उठले. लाज वाटतेय. पण ज्या माणसानं मला नेम शिकवला, त्याच्यापुढे त्याच्याच हत्याराला नाव ठेवायचं तर दुसरं काय बोलणार होतो?

१९ नोव्हेंबर

पिंपळगाव राजाला जाऊन आलो. भगवंतरावांची रायफल बघताक्षणी आवडली. मागचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, बोल्ट लोण्यासारखा सरकतो, वर दुर्बीण बसवलेली. आमच्यापेक्षा जड, पण खांद्याला बरोबर बसते. शेताच्या कडेला उंच धुऱ्यावर मडकं लावलं.

दुर्बिणीत धुरकट दिसलं. म्हटलं, काच पुसा. त्यांनी रुमालानं पुसली, स्वतः पाहिलं, म्हणाले, "आरशावानी लख्ख हाये." मला तेवढंच धुरकट. जुनी दुर्बीण, आत ओल गेली असेल. गोळी मारली. उजवीकडे.

मग भगवंतरावांनी घेतली. सत्तरीचा माणूस, एका गुडघ्यावर बसला, आणि मडक्याच्या ठिकऱ्या.

"दुसऱ्याची बंदूक हाताले बसाले वेळ लागते," म्हणाले. चहा पाजला. मी बिनसाखरेचा मागितला, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी कीव केल्यासारखं पाहिलं.

२० नोव्हेंबर

ही उजवीकडे आणि तीही उजवीकडे. असेल योगायोग.

२२ नोव्हेंबर

पुंजाजी काठी टेकत चहाच्या टपरीवर आला. मी उठून जाणार होतो. त्यानं शेजारी बसवून घेतलं.

"घेतली का मंग दुसरी?"

म्हटलं, पाहून राहिलो.

"घ्या, पन सरळ मारनारी घ्या, गजाभाऊ. माह्यावानी दुसऱ्या कोनाचं नोको व्हाले."

रागानं बोलला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या मनात खरंच काही नाही. बंदुकीनं घात केला, असं मी सांगितलं आणि त्यानं मानलं. चहा तसाच ठेवून निघालो. घरी येईपर्यंत एकच गोष्ट डोक्यात. बंदूक सरळ असेल तर? मग त्या मांडीचं कोणी केलं?

नको. नळीतच बाक आहे.

२४ नोव्हेंबर

दिवस मावळताना हरभऱ्यात पाच डुकरं. रायफल हातात होती, वारा माझ्याकडे येत होता. चापावरचं बोट हललं नाही. टाळ्या वाजवून हाकलली. घरी म्हणालो, दिसली नाहीत.

२६ नोव्हेंबर

ठरलं एकदाचं. भगवंतरावांची घेतो. दुर्बीण नवी बसवू. अर्ज भरला, हत्याराचा नंबर तेवढा लिहायचा राहिलाय, त्यांच्याकडून फोनवर घेईन. शिवाय डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं. परवा शेगावला जाऊन डोळे तपासून घेतो, दहा मिनिटांचं काम.

बाबांना सांगितलं. ते तिच्या दस्त्यावरून हात फिरवत बसले. "इकू नोको. ठान्यात जमा कर," म्हणाले. "वाकडी म्हनून इकू नोको तिले."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शेगाव. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला लावला आणि चौकटींचा कागद समोर धरला, गणिताच्या वहीचं पान असतं तसा. रेघा कशा दिसतात? म्हटलं, छपाई खराब आहे तुमची, मधे सगळ्या वाकल्यात. मग त्यांनी उजवा डोळा झाकला आणि तोच कागद दाखवला. एकूण एक रेघ सरळ. साखरेच्या आजारानं उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय, म्हणाले, वर्षभर तरी झालं असेल.

अर्जात नंबर लिहिला नाही. बाबांना सांगितलं, नळी सरळ आहे म्हणून. गोविंदालाही सांगितलं, खांब बरोबर होते म्हणून.

आता पुंजाजीकडे जातो.