लांब बाह्यांचा झगा

पुणतांबे,
ता. ९ डिसेंबर १९७३

चि. गोरक्षनाथ यास चांगुणाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. शेजारचा सूर्यभान काल देवळालीहून उसाचं बेणं घेऊन आला, तेव्हा तुझी हकिकत कळली. कांजिण्या जाऊन दोन आठवडे झाले, पण झोप काही परत आली नाही म्हणे. रात्रभर बाजेवर कुशी बदलतोस आणि सकाळी धार काढताना पेंगतोस. म्हशीने बादली लाथाडली, तेही त्याने सांगितलं. लहानपणी जेवता जेवता ताटावर झोपणारा तू! आधी हसू आलं, मग हसल्याची लाज वाटली.

आता लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. भाऊबीजेला आले तेव्हा पुष्पीच्या कांजिण्या पुरत्या गेल्या नव्हत्या. पाठीवरच्या दोन-तीन अजून ओल्या होत्या. कडुनिंबाच्या पाण्याची शेवटची आंघोळ झाल्याशिवाय पोरीला घराबाहेर काढू नको, असं सासूबाईंनी बजावलं होतं. आंघोळ झाली असं मी खोटंच सांगितलं, तिला लांब बाह्यांचा झगा चढवला आणि एसटीत बसले. गेल्या साली दुष्काळात ओवाळायचं राहिलं होतं, यंदाही राहील या भीतीने मती गेली. ओवाळायला आले आणि आजार देऊन गेले. आता संक्रांतीला मी येणार नाही. कोणत्या तोंडाने येऊ? डोक्याला तेल लावून घेत जा.

राग आला तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
आक्का

देवळाली प्रवरा,
ता. १३ डिसेंबर १९७३

ती. सौ. आक्कास गोरक्षनाथचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, जाग्या माणसाला वेळच वेळ. डॉक्टर म्हणतात, अशा आजारानंतर काहींची झोप महिना-दोन महिने बिघडते. दिवसा झोपू नका, चहा कमी करा. चहा सोडला. झोप आली नाही, नुसती चिडचिड आली. तुझ्या भावजयीला विचार.

पण मला आणखी एक गोष्ट झोपू देत नाही. भाऊबीजेच्या सकाळी मामाच्याच हातचं उटणं हवं म्हणून पुष्पी रुसली होती, आठवतं? न्हाणीत तिची पाठ मी पाहिली. कांजिण्या मी ओळखल्या. मला त्या कधी आल्या नव्हत्या, हेही ठाऊक होतं. बोललो असतो तर आबांनी तुला दुपारच्या गाडीने परत धाडलं असतं. म्हणून झग्याची बटणं गळ्यापर्यंत मीच लावली. तू तिकडे स्वतःला दोष देत असशील हे ओळखून होतो, तरी महिनाभर गप्प बसलो. रोज लिहायला कार्ड घ्यायचो आणि कोनाड्यात ठेवून द्यायचो. आक्का, मला क्षमा कर. संक्रांतीला आली नाहीस तर मीच तुझ्या ओट्यावर येऊन बसेन.

भावजींना नमस्कार, पुष्पीला पापा. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा,
गोरक्षनाथ

देवळाली प्रवरा,
ता. १७ डिसेंबर १९७३

ती. सौ. वन्संना लंकाचा शि. सा. नमस्कार.

यांनी गुरुवारी तुम्हाला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं, घरी आले आणि पाय न धुता बाजेवर आडवे झाले, ते दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर उठले. पोराला उठवू नका म्हणत मामंजींनी स्वतः धार काढली. तेव्हापासून रोज झोप लागते. चहाही पुन्हा सुरू झाला.

पत्र टाकण्याआधी यांनी मला वाचून दाखवलं होतं. तुमचंही वाचलं, रागावू नका. मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. वन्सं, पुष्पीचा तो झगा मीच धुतला होता. पाठीकडचे डाग पाहिले, कशाचे ते समजलं, आणि मामंजींच्या नजरेला पडू नयेत म्हणून दगडावर घासघासून काढले. यांना कांजिण्या येऊन गेल्यात का, एवढं विचारायचं होतं. तुम्ही परत जाल म्हणून विचारलं नाही. यांना अजून हे सांगितलेलं नाही.

आता हे घोरतात आणि मी आढ्याकडे बघत पडते. संक्रांतीला नक्की या. तेलाची गरज यांना उरली नाही, माझ्या डोक्याला लावा.

तुमच्या मायेत मलाही जागा असू द्या.

आपली,
लंका