मागची गल्ली

९ मार्च

प्रिय दादा,
नमस्कार. तुझी लेक माझ्याकडे ठीक आहे. जेवते, शाळेत जाते. वेणी मात्र घालू देत नाही. "आत्या, तुला आईसारखी जमत नाही" म्हणते. खरंच जमत नाही रे.

फोनवर सांगायला चारदा तोंड उघडलं, चारदा खोकल्याचं सोंग केलं. म्हणून लिहितेय.

गुरुवारी तू चौकशीत अँब्युलन्सच्या ड्रायव्हरविरुद्ध जबाब देणार आहेस. तो म्हणतो, फोनवरच्या नकाशाने मागची गल्ली दाखवली, आत शिरलो तर पुढे भिंत, गाडी मागे घेऊन वळसा घालण्यात बारा मिनिटं गेली. तू त्याला सगळ्यांदेखत खोटारडा म्हणालास. दादा, तो खोटं बोलत नाहीये.

तो नकाशा आमच्या ऑफिसचा आहे. नगरपालिकेने रस्त्यांची माहिती सगळ्यांसाठी खुली केलीय, तीच आम्ही नकाशात भरतो. ती जुनी असू शकते, म्हणून वरून काढलेल्या फोटोशी ताडून बघायची. फोटोत झाडं आड आली तर जाऊन बघायचं, मगच "प्रत्यक्ष पाहिले" अशी खूण करायची. तुमच्या मागची गल्ली माझ्याच वाट्याला आली. म्हटलं, हात्तिच्या, दादाची गल्ली, डोळे मिटून चालेन! न जाताच खूण केली आणि पुढच्या रस्त्याला लागले.

भिंत दीड वर्षापासून आहे म्हणे. दीड वर्षात मी तुमच्याकडे फिरकलेच नाही. वहिनी दर रविवारी फोन करायची, "काय वन्सं, जगाचे रस्ते शोधता, आमच्याकडचाच सापडत नाही होय?" मी हसण्यावारी न्यायचे. एकदा जरी चहाला आले असते आणि मागच्या दाराने निघाले असते, तर भिंत नाकासमोर दिसली असती. आज वहिनी असती.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणायला हवं होतं. ती दहा मिनिटं मी खाल्ली, दादा. ती गेली त्या दिवशी तू माझ्या गळ्यात पडून रडलास, "तू आहेस म्हणून उभा आहे" म्हणालास. ड्रायव्हरचं बोलणं ऐकून तेव्हाच मला सगळं कळलेलं होतं. तरी गप्प बसले.

त्या माणसाच्या पोटावर पाय आणू नकोस. गुरुवारी हे पत्र वाचून दाखव. ऑफिसात मी काल सगळं लेखी दिलंय.

माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही. एरवी शेवटी "तुझीच धाकटी" लिहिते. आज ते लिहायचा हक्क उरलाय की नाही, ठाऊक नाही. म्हणून जबाबात लागेल तेवढंच लिहिते.

रस्ते तपासनीस,
नकाशा विभाग