लाँचच्या वेळा आणि खिडकीजवळची खाट

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात, उरलेली टेकली असं तू समज.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी तू वेळेवर घेत नसशील हे मला ठाऊक आहे, तेव्हा ते विचारत नाही. ‘लग्नाला येणं जमणार नाही, ती नाही तर त्या गोतावळ्यात मी बोलू कुणाशी’ हे तुझं पत्र परवा मिळालं. मी ते दोनदा वाचलं आणि पोस्टात गहाळ झालं असं ठरवून टाकलं. त्यामुळे तू येणार आहेस असं धरून प्रवासाच्या आणि राहण्याच्या सूचना कळवतो.

तुझ्या धाकट्या भाचीनं, म्हणजे आमच्या धाकटीनं, लग्न तळ्यातल्या बेटावरच्या एका हॉटेलात ठरवलं आहे. या गावाशी ना आपला संबंध, ना व्याह्यांचा. दोन्हीकडच्यांची सारखीच गैरसोय व्हावी, असा काहीतरी न्याय त्यात असावा. पाहुण्यांची ने-आण आणि खोल्या एवढंच काम माझ्याकडे आलं, कारण मी तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं केली. (ती वेळापत्रकं कुणी पाळली नाहीत, हे धाकटीला माहीत नाही.) पूर्वी हे सगळं ही बघायची. ही म्हणजे तुझी भावजय. ती जाऊन चौदा महिने झाले, तरी माझ्या तोंडातून ‘ही’च येतं.

तर सकाळच्या गाडीनं निघ. मोठ्या स्टेशनाच्या अलीकडच्या छोट्या स्टेशनवर उतर. पुढं बस आहे, तिच्यात डावीकडे बस, उजव्या खिडक्या बंद होत नाहीत. धक्क्यावरून लाँच दहाला आणि चारला सुटते असं फलकावर लिहिलं आहे. मी पाहणीला गेलो तेव्हा दहाला सात कमी असताना पोचलो आणि लाँच माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. मी घड्याळ उंच धरून काठानं धावलो. लाँचवाल्याला वाटलं मी निरोप देतोय. त्यानंही हात हलवला. मग चारपर्यंत बाकावर बसून राहिलो. असं काही झालं की ही शेजारी बसून डबा उघडायची आणि एक शब्द बोलायची नाही. त्या दिवशीही कुणी बोललं नाही, पण ते वेगळं. पलीकडे उतरल्यावर बासष्ट पायऱ्या आहेत. चाकांची बॅग आणू नकोस, ती तुलाच ओढत खाली नेईल. तुझ्यासाठी खुर्ची आणि दोन माणसं सांगून ठेवली आहेत. (बघ, तुझ्या पत्राचं माझ्या कानावर काहीच आलेलं नाही.)

आता खोल्या. ही गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं. थोरलीच्या लग्नात नऊ वर्षांपूर्वी हिनं एक वही केली होती. कोण कुणाबरोबर, कोण घोरतं, कुणाला जिना चढवत नाही, सगळं लिहिलेलं. तीच माणसं, तेच नातेवाईक, म्हणून मी त्या पानांचे फोटो काढले आणि हॉटेलच्या व्यवस्थापकबाईंना पाठवून दिले. न वाचता. चष्मा जागेवर नव्हता.

बाई फार नेकीनं काम करणाऱ्या. पाहणीच्या दिवशी त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेलं आणि दाखवलं, की प्रत्येक दारावर पाटी छापून लावली आहे. वहीत होतं तसंच, कानामात्रा न बदलता. ‘मोठे काका – घोरतात, कोपऱ्यातली खोली.’ ‘मामी – हिच्यासमोर जमिनीचा विषय काढू नये.’ तळमजल्यावर ‘आई – रात्री दिवा चालू ठेवावा’. तिथं खरंच बाईंनी छोटा दिवा बसवून घेतला होता आणि आईसाठी चाकांची खुर्चीही मागवली होती. काका जाऊन सहा वर्षं झाली, आपल्या आईला पाच. मामी आहेत, पण ती पाटी त्यांनी वाचली असती तर आपण नसतो. मला हसू येत होतं. बाईंनाही वाटलं मी खूश आहे. मी एकेक पाटी उतरवत गेलो आणि बाई त्या हातात घेत गेल्या.

शेवटची खोली तळ्याच्या बाजूची. तिच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘मी आणि ताई. खिडकीजवळची खाट ताईला.’

थोरलीच्या लग्नात तुम्ही दोघी पहाटेपर्यंत खिदळत होतात, आठवतं? व्याह्यांनी भिंतीवर थाप मारली होती. बाईंनी मला विचारलं, “ही ‘मी’ म्हणजे कोण? त्या कधी येणार?” कळवतो म्हणालो आणि पायऱ्यांवर येऊन बसलो. रडलो, ताई. वयाचं भान न ठेवता रडलो. ती पाटी मी उतरवलेली नाही.

असो. सूचना संपल्या. गरम शाल आण, तळ्यावरून वारा येतो. घरात सर्वांना यथायोग्य नमस्कार आणि आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. चष्मा जागेवर होता. नाकावरच होता. तिचं अक्षर वाचवत नव्हतं म्हणून वाचलं नाही.

ता. क. २. तू येणार नाहीस हे धाकटीला सांगितलेलं नाही. तिनं अजूनपर्यंत आईचा विषय एकदाही काढला नाही. फक्त रोज विचारते, आत्याच्या खाटेला खिडकी आहे ना.

ता. क. ३. घरी आल्यावर वही बसून पहिल्यापासून वाचली. तिच्यात सगळ्यांना खोली आहे, मला नाही. अगदी शेवटी एक ओळ आहे, ‘हे कुठेही झोपतात.’ तेव्हा ते खरं होतं. थोरलीच्या लग्नात मी सामानाच्या ढिगावर घोरत पडलो होतो. आता चौदा महिने मला स्वतःच्या पलंगावरही झोप लागत नाही. त्या खोलीत दोन खाटा आहेत. लहानपणी झोपायचो तसे झोपू, खिडकीकडची तुझी. तू बोलत राहा, मी ऐकत पडेन. ये.